घरच्या वर्कशॉपसाठी कोणता लेथ: चाळीस किलोचा मिनी की साडेचार फुटी ओतीव?

२५ मिलिमीटर जाडीचा माइल्ड स्टीलचा बार. चकच्या, म्हणजे बार धरून फिरवणाऱ्या पकडीच्या, तोंडापासून पंधरा मिलिमीटरवर तो कापून वेगळा करायचा, म्हणजे पार्टिंग. इचलकरंजीत मामांच्या शेडमध्ये साडेचार फुटी लेथवर, म्हणजे बार गोल फिरवत टूलने कापणाऱ्या यंत्रावर, हे काम करतो तेव्हा मी बॅक गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा) टाकतो, तेलाचे चार थेंब सोडतो आणि टूल आडवं पुढे नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल फिरवत राहतो. घड्याळाच्या स्प्रिंगसारखा कीस गुंडाळत बाहेर येतो आणि शेवटी तुकडा ट्रेमध्ये पडतो. पुण्यात घरी मिनी लेथ आणला त्या आठवड्यात तेच काम तसंच करायला गेलो. पाच मिलिमीटर आत गेल्यावर यंत्र ओरडायला लागलं, ब्लेड जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या बारमध्ये, अडकलं, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) जागीच थांबला आणि हेडस्टॉकमधल्या (स्पिंडलच्या पेटीतल्या) प्लॅस्टिकच्या गिअरचे तीन दात गेले.

आज त्याच मिनी लेथवर तोच बार मी दीड मिलिमीटरच्या ब्लेडने शांतपणे कापतो. मधल्या काळात त्या यंत्रात बरंच काही बदललं. तेवढं बदलायला तुमच्याकडे वेळ आणि हौस आहे का, की तुम्हाला पहिल्या रविवारपासून जॉब काढायचाय, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. दोन्ही यंत्रांवर मी वर्षानुवर्षं काम करतोय आणि दोन्ही मला आवडतात, पण ती एकाच माणसासाठी नाहीत.

कोणती दोन यंत्रं

मिनी लेथ म्हणजे चीनमधून येणारा सात इंची लेथ. शांघायच्या सीग कंपनीच्या सी२ आणि सी३ या मॉडेलांवरून त्याचा साचा जगभर ओळखला जातो. वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी तो विकला जातो, पण आतली रचना जवळपास एकच. बेडवर, म्हणजे खालच्या लांब ओतीव आधारावर, १८० मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरतो, क्रॉस स्लाइडवर मात्र साधारण ११० चाच. दोन सेंटरांमध्ये, म्हणजे जॉब दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोकदार आधारांमध्ये, २५० ते ३५० मिलिमीटर अंतर. स्पिंडलचं भोक २० मिलिमीटर, त्याचा निमुळता टेपर एमटी ३ (मोर्स टेपर), टेलस्टॉकला, म्हणजे समोरच्या टोकाच्या सरकत्या आधाराला, एमटी २. वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसं जिन्याने वर नेऊ शकतात.

दुसरा आपला साडेचार फुटी. राजकोट, बटाला, लुधियाना इथल्या फाउंड्र्यांमध्ये ओतलेला, पट्ट्यावर चालणारा, कोन पुली आणि बॅक गिअरचा लेथ. साडेचार फूट ही बेडची लांबी. दोन सेंटरांमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते. सेंटरची उंची साधारण साडेसहा इंच, स्पिंडलचं भोक बहुतेक दीड इंच, वजन चारशे-पाचशे किलो. नवाही मिळतो, पण घरासाठी बहुतेक लोक जुनाच शोधतात. भोसरी, सातपूर, शिरोली, डोंबिवली अशा ठिकाणी एखादं वर्कशॉप सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर, गेलं की असे लेथ बाहेर पडतात. त्यांचा भाव भंगाराच्या किलोच्या दराला धरून सुरू होतो आणि यंत्राच्या तब्येतीप्रमाणे वर चढतो.

एचएमटी किंवा म्हैसूर किर्लोस्करचा लेथ घरी आणायचं स्वप्न मीही पाहिलंय. १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या किर्लोस्करच्या कारखान्याचे लेथ आजही अनेक शेडमध्ये रोज चालतात, कारखाना मात्र बंद झाला. पण ती यंत्रं टनाच्या पुढची. घराच्या आवारात ती आणायची तर पाया घालण्यापासून सुरुवात. इथे त्यांचा विचार करत नाही. बारा व्होल्टच्या मोटरवर चालणारी ॲल्युमिनियम बेडची खेळण्याएवढी यंत्रं मिळतात, तीही सोडून देतो. लाकूड आणि नायलॉनच्या पलीकडे त्यांवर समाधानाचं काम होत नाही.

आधी फरशी, मग लेथ

तुम्ही फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहता का? मग निर्णय अर्ध्याहून जास्त झालाच. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार धरतात, म्हणजे ढोबळमानाने दोनशे किलो. साडेचार फुटी लेथ दोन ओतीव पायांवर साडेचारशे किलो घेऊन उभा राहतो, आणि हेडस्टॉकच्या बाजूचा पाय त्यातला मोठा वाटा उचलतो. शिवाय तो थरथरतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता तो वरच्या मजल्यावर नेऊ नये. तळमजला, अंगणातली शेड, शेतावरची खोली असेल तरच तो घ्यावा.

न्यायचा प्रश्नही लहान नाही. मामांचा लेथ टेम्पोतून उतरवला तेव्हा चेन ब्लॉक, दोन पहारी आणि दीड इंची पाइपांचे सहा तुकडे एवढ्यावर चार माणसांनी तो पंधरा फूट सरकवला, त्यात अख्खी दुपार गेली. लेथचं वजन हेडस्टॉककडे आणि वर असतं. पहार चुकीच्या बाजूने लावली की तो आडवा कलंडतो, आणि कलंडणारा लेथ हाताने सावरायला जाऊ नये. उचलण्याआधी टेलस्टॉक काढून ठेवा, कॅरेज (टूल वाहणारी सरकती गाडी) टोकाला नेऊन लॉक करा.

मिनी लेथला उलट जडपणा तुम्ही पुरवायचा असतो. प्लायवूडच्या टेबलावर ठेवला तर तो टेबलासकट नाचतो. मी स्वयंपाकघराच्या कामातून उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर तो बोल्टने बसवलाय, खाली लोखंडी अँगलचं स्टँड आणि पायांना जाड रबर. दगडाने आवाज खालच्या घरात जाणं कमी झालं आणि फिनिशही सुधारली. रात्री नऊनंतर मी तो चालवत नाही, शेजाऱ्यांची आजवर एकही तक्रार आलेली नाही.

वीज

मिनी लेथ घरच्या सॉकेटवर चालतो. जुन्या मॉडेलात ब्रश असलेली डीसी मोटर आणि कंट्रोल बोर्ड, नव्यात बहुतेक ब्रशलेस. वेग गोलाकार नॉबने बदलतो, साधारण ५० पासून २५०० फेऱ्यांपर्यंत. दोन्हींत निवड करता आली तर ब्रशलेसच घ्या. ब्रशवाल्याला कमी वेगावर दमच नसतो. माझा पहिला बोर्ड एका पावसाळ्यात व्होल्टेजच्या झटक्यात जळला. ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले आणि नवा बोर्ड मिळेपर्यंत अडीच महिने यंत्र झाकून पडलं. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात राहत असाल तर स्टॅबिलायझर पहिल्याच दिवशी लावा.

साडेचार फुटीला एक एचपीची मोटर पुरते. सिंगल फेजची कॅपॅसिटर मोटर लावली की १६ अँपिअरच्या सॉकेटवर काम भागतं. पण खरी मजा थ्री फेज मोटर आणि व्हीएफडीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हमध्ये, आहे. २३० व्होल्टचं सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, आणि कोन पुलीवर पट्टा न बदलता वेग कमीजास्त. इथे एक खाच आहे. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला आतूनच स्टारमध्ये जोडलेल्या असतात आणि बाहेर तीनच वायरी येतात. असा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो. म्हणून मोटर उघडून स्टारचा जोड सोडवायचा, सहाही टोकं बाहेर काढायची आणि ती डेल्टात जोडायची. वाइंडिंग करणाऱ्याकडे हे तासाभराचं काम. तसंच, लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. चालू असताना तो फिरवला तर व्हीएफडी जातो. त्या स्विचने व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला इशारा द्यायचा, एवढंच. आणि मेन बंद केल्यावरही आतले कॅपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात, लगेच झाकण उघडू नका.

व्हीएफडी लावताना आणखी एक गोष्ट बघा. जुन्या लेथांचा चक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. जोरात ब्रेक लावला किंवा उलट दिशेने कट घेतला तर तो सैल होऊन सुटू शकतो. थांबण्याचा वेळ सेटिंगमध्ये तीन-चार सेकंद ठेवा. मिनी लेथचा चक फ्लँजला तीन नटांनी धरलेला असतो, त्याला ही भीती नाही. उलट दिशेने थ्रेडिंग करायचं असेल तर हा मिनी लेथचा मोठा गुण आहे.

मिनी लेथ: पेटी उघडल्यानंतरचे दोन महिने

मिनी लेथ पेटीतून येतो तो अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा तुम्ही करायचा, हे मनाशी धरूनच घ्या. ज्याला यंत्र खोलून बघायला आवडतं त्याच्यासाठी हे दोन महिने फार आनंदाचे असतात, आणि त्या दोन महिन्यांत लेथ कसा चालतो हे जेवढं समजतं तेवढं दहा पुस्तकांतून समजणार नाही.

सुरुवात साफसफाईने. घट्ट चिकट ग्रीस घासलेटने धुऊन काढा, आत ओतकामाची वाळू आणि किसाचे कण सापडतात. मग गिब पट्ट्या, म्हणजे स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्ट्या. क्रॉस स्लाइड आणि कंपाउंडच्या (तिच्यावरच्या, तिरकी लावता येणाऱ्या छोट्या स्लाइडच्या) गिब ढिल्या किंवा वेड्यावाकड्या असतात. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्या सपाट घासायच्या आणि स्क्रू असे बसवायचे की स्लाइड लोण्यासारखी सरकेल पण हाताने हलवल्यावर डुलणार नाही. कॅरेजच्या खाली बेडला धरणाऱ्या दोन पट्ट्या असतात. माझ्या यंत्रात त्या आणि बेड यांच्यात नखाएवढी फट होती. पितळी शिम (पातळ पत्रा) घालून ती काढली, आणि एवढ्यानेच पार्टिंगचं ओरडणं निम्मं कमी झालं. पैसा एक खर्च नाही, फक्त एक रविवार. मिनी लेथच्या बाबतीत हे एकच काम करणार असाल तर हेच करा.

दुसरं काम कॅरेज लॉकचं. अनेक मिनी लेथांना कॅरेज जागेवर धरायची सोयच नसते. एक बोल्ट आणि खालून एक चौकोनी तुकडा, एवढ्याने ती होते. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट कापणं) आणि पार्टिंग करताना कॅरेज धरलेली हवी.

तिसरं, कंपाउंड काढून त्या जागी माइल्ड स्टीलचा भरीव ठोकळा बसवणं. टेपर कापायचा नसेल तेव्हा कंपाउंडचं काहीच काम नसतं, आणि तोच या यंत्रातला सगळ्यात मऊ सांधा आहे. ठोकळा बसवल्यावर त्याच यंत्रावर माइल्ड स्टीलमध्ये कटची खोली मी जवळपास दुप्पट करू शकलो. टूलपोस्ट, म्हणजे टूल धरणारा ठोकळा, बदलायचा तर क्विक चेंजचा सगळ्यात लहान साइझ घ्या, मोठा घेतलात तर टूल सेंटरच्या वर जातं.

मग स्पिंडलचे बेअरिंग. कंपनीकडून ६२०६ नंबरचे साधे बॉल बेअरिंग येतात. त्यांच्या जागी ३०२०६ हे टेपर रोलर बसतात, आतला ३० आणि बाहेरचा ६२ मिलिमीटर व्यास तोच. फरक रुंदीत आहे: १६ ऐवजी १७.२५. म्हणजे शेजारचा स्पेसर तेवढा कमी करावा लागतो. तो स्पेसर यंत्र खोलण्याआधी, त्याच लेथवर फेस करून ठेवा. मी हे मागाहून लक्षात आल्यामुळे पुणे ते इचलकरंजी असा प्रवास एका पंधरा ग्रॅमच्या रिंगसाठी केला. बसवल्यावर नट एवढाच आवळायचा की चक हाताने फिरवला तर ग्रीसचा जडपणा जाणवेल, खडखड नाही. अर्धा तास मध्यम वेगाने चालवा. हेडस्टॉकवर तळहात ठेवून ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर नट ढिला करा. टेपर रोलर उघडे असतात, त्यामुळे कीस आत जाणार नाही अशी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची झाकणीही करावी लागते.

टेलस्टॉकचा नट पान्याने आवळायचा त्रास असेल तर कॅम लॉक करता येतो. डिजिटल व्हर्नियरची पट्टी क्रॉस स्लाइडला लावून स्वस्तात डीआरओ, म्हणजे आकड्यांत माप दाखवणारी सोय, होतो. एन्कोडर आणि स्टेपर मोटर लावून लीडस्क्रू (आटे कापताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इलेक्ट्रॉनिक करणारेही आहेत, मग गिअर बदलायची कटकटच जाते. ही पुढची पायरी, पहिल्या वर्षात त्यात शिरू नका.

एवढं सगळं केल्यावर यंत्र मोठ्याची बरोबरी करतं का? नाही. बेडचा आडवा छेदच लहान आहे, तिथे कोणाचंच काही चालत नाही. पण त्याच्या मापाचं काम तो मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशात देतो, आणि मला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

जुना साडेचार फुटी: रंगाखाली काय आहे

जुन्या लेथला सुधारणा कमी लागतात, पारख जास्त लागते. मामांनी मला हे एका गोष्टीतून शिकवलं. विकायला ठेवलेला एक लेथ बघायला गेलो होतो, ताज्या हिरव्या रंगाने चकाकत होता. मामांनी रंगाकडे बघितलंच नाही. कॅरेज चकजवळ आणली, गिब आवळली, आणि म्हणाले, "आता ढकल बघू टेलस्टॉककडं." हातभर गेली आणि अडकली. "बघ की. चकपाशी बेड खाल्लाय. सगळा जन्म तिथंच काम झालंय याचं, तिकडचा भाग नवाच हाय." आम्ही चहा पिऊन परत आलो.

बेडची झीज हा एकच दोष घरी सुधारता येत नाही. ग्राइंडिंगला पाठवायचा खर्च यंत्राच्या किमतीला भिडतो. म्हणून सगळ्यात आधी तो तपासायचा. त्यानंतर स्पिंडल: चकमध्ये जाड बार धरा, बेडवर लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या बारने चक वर उचला आणि डायल गेजचा काटा बघा. दोन-तीन शतांश हलला तर चालतं, दहा हलला तर बेअरिंग किंवा गनमेटलचे बुश बघावे लागतील. बुश असतील तर शिम काढून पुन्हा घट्ट करता येतात, ते दुर्दैव नाही. क्रॉस स्लाइडच्या हँडलमध्ये पाव फेरा प्ले असेल तर घाबरू नका, गनमेटलचा नवा नट कोणीही टर्नर करून देतो. टेलस्टॉक खाली बसला असेल तर शिमने वर येतो. लीडस्क्रूचे आटे चकजवळ पातळ झालेत का, हाफ नट (लीडस्क्रूला पकडणारा दुभागलेला नट) नीट धरतो का, एवढं बघा. ओतकामावर कुठे ब्रेझिंगची पिवळी रेघ दिसली तर ती तडा बुजवल्याची खूण, तिथे नीट चौकशी करा.

आणि चेंज गिअर, म्हणजे हव्या त्या आट्याप्रमाणे बदलायचे गिअर, मोजा. सगळे आहेत का, त्यात १२७ दात्यांचा आहे का. जुन्या लेथचा लीडस्क्रू बहुतेक इंचाला चार आट्यांचा असतो. त्यावर मिलिमीटरचा आटा अचूक कापायला १२७ लागतोच, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. हा एक गिअर नसेल तर किमतीत तेवढं कमी करून मागा.

घरी आल्यावर लेथ समपातळीत बसवणं याला पर्याय नाही. स्पिरिट लेव्हलने सुरुवात करा, पण शेवट कटने करा. २५ मिलिमीटरचा बार चकमधून सहा इंच बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार न देता बारीक कट घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर टेलस्टॉकच्या बाजूच्या पायाखाली पत्रा घालून बेडचा पीळ काढायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. मामांच्या लेथला यात दोन दिवस गेले आणि त्यानंतर तो वर्षानुवर्षं तसाच उभा आहे. हीच चाचणी मिनी लेथलाही लागू होते, फक्त तिथे बारीक चुका हेडस्टॉकच्या बोल्टखालीही असू शकतात.

या लेथवर कंपाउंड काढायची गरज नाही, बेअरिंग बदलायची गरज नाही. चौकोनी टूलपोस्टमध्ये एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) टूल, खाली पॅकिंगला तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, आणि काम सुरू.

कामाप्रमाणे बघितलं तर

माझी दोन कामं सांगतो, दोन्ही यंत्रांवर करून बघितलेली.

पहिलं, दुर्बिणीचा फोकसर. आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या नळीचा, व्यास सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. त्याची नळी ॲल्युमिनियमच्या बारमधून काढायची. मिनी लेथच्या २० मिलिमीटरच्या भोकातून हा बार आत जातच नाही, म्हणून आधी हॅक्सॉने तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला चकमध्ये धरायला जास्तीचा माल लागतो. साडेचार फुटीच्या दीड इंची भोकातून अख्खा बार आत सरकवला आणि एकामागून एक कापत गेलो. पण नळीच्या आतल्या फिल्टरच्या आट्यांपाशी चित्र उलटलं. तो आटा २८.५ मिलिमीटर व्यासाचा, ०.६ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). मिनी लेथचा लीडस्क्रू दीड मिलिमीटरचा, त्याला ४०/५० आणि ३०/६० एवढे गिअर लावले की बरोबर ०.६ मिळतो. प्लॅस्टिकचे का असेनात, ते पेटीतच येतात. मोठ्यावर ३०/१२७ आणि २०/५० लावावे लागले, आणि मामांकडचा १२७ शोधायला माळा उपसावा लागला. शिवाय एवढा बारीक आटा खांद्याच्या आत थांबवायचा तर मोटर नकोच. मी मिनी लेथच्या स्पिंडलला मागून हाताचं हँडल बसवलंय, प्लग काढून हाताने फिरवतो आणि आटा हव्या त्या जागी थांबतो. हाफ नट सोडायचा नाही, टूल मागे घेऊन स्पिंडल उलटा फिरवायचा. प्लग काढणं विसरू नका, ते हँडल मोटरवर फिरलं तर हात मोडेल.

दुसरं, जुन्या स्कूटरच्या ब्रेक ड्रमची आतली बाजू घासून गोल करणं. १५० मिलिमीटरच्या आसपासचा व्यास, बीडाचं ओतकाम. एचएसएसने २५ मीटर प्रति मिनिट वेग धरला तर १५० व्यासाला ५३ फेरेच हवेत. मिनी लेथवर ड्रम कसाबसा मावला, पण त्या वेगाला मोटरमध्ये दम नव्हता आणि पृष्ठभागावर वळ्या उठल्या. साडेचार फुटीवर बॅक गिअर टाकून वीस मिनिटांत झालं. याच हिशेबाने २५ च्या बारला ३२० फेरे, आणि ५ मिलिमीटरच्या पितळी पिनेला सोळाशेच्या आसपास. मोठा लेथ तिथवर पोचतच नाही, पाचशे-सहाशेला त्याचा श्वास संपतो. घड्याळ, मॉडेल इंजिन, कॅमेऱ्याचे भाग, बारीक पितळी स्क्रू असलं काम असेल तर मिनी लेथ नुसता परवडतो म्हणून नाही, चांगला आहे म्हणून घ्या.

यंत्रमागाचे बुश, पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, शेतीची अवजारं असं काम डोळ्यांपुढे असेल तर मिनी लेथवर एक रुपया घालू नका. तो तुम्हालाही थकवेल आणि स्वतःही थकेल.

किंमत विचाराल तर नुसत्या यंत्राची तुलना करू नका. मिनी लेथवर टूलपोस्ट, चार जबड्यांचा फोर जॉ चक, बेअरिंग, स्टॅबिलायझर चढतं. जुन्यावर टेम्पो, चेन ब्लॉक, मोटर, व्हीएफडी, वायरिंग. माझ्या हिशेबात दोन्हीकडे वरचा खर्च मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला. टूल आणि मोजमापाचं सामान बोहरी आळीत किंवा मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जाऊन हातात धरून घ्या.

सुरक्षेत दोन्ही यंत्रं सारखीच निर्दयी आहेत. हातमोजे, अंगठी, मंगळसूत्र, ओढणी, सैल बाही, मोकळे केस लेथजवळ नकोत. कीस हाताने ओढायचा नाही, आकडा वापरायचा. चकची चावी हातातून सुटेल तेव्हा ती चकमध्ये नसली पाहिजे. मिनी लेथ लहान दिसतो म्हणून घरातली मुलं जवळ येतात; माझ्या खोलीला म्हणूनच कुलूप आहे.

पावसाळ्यात आणि कोकणात तर बाराही महिने गंज हा वेगळाच शत्रू. बेडवर ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल, काम झाल्यावर सुती फडक्याने पुन्हा हात. उघड्या शेडमधल्या मोठ्या लेथला हे रोज करावं लागतं. घरातला मिनी एका जुन्या चादरीखाली सुखात राहतो.

तळमजल्याची जागा असेल, धातूचं काम नेमाने करणार असाल, आणि जवळपास एखादा मुरलेला टर्नर असेल जो तुमच्याबरोबर बघायला येईल, तर जुना साडेचार फुटी घ्या. फ्लॅट असेल, काम बारीक असेल, यंत्र खोलण्यातच अर्धा आनंद वाटत असेल तर मिनी. मधली स्थिती असेल, म्हणजे जागा आहे पण पारखी माणूस नाही, तर घाई करू नका. तीन-चार लेथ नुसते बघून या, न घेता.

बघायला जाताना पिशवीत मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज, शून्य ते २५ चा मायक्रोमीटर, व्हर्नियर, बॅटरी, एक फूट लांबीचा २५ चा सरळ बार आणि स्वतःचं धार लावलेलं एचएसएस टूल न्या. विकणाऱ्याला लेथ चालू करून एक कट घेऊ द्या म्हणा. जो कट घेऊ देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.